न्यूझीलंडचं सफरचंद ऑस्ट्रेलियात जायला ९० वर्षं का लागली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे सख्खे शेजारी. १९८३ च्या करारानंतर १९९० पर्यंत दोघांमधल्या मालावरचं आयात शुल्क संपलं. तरीही न्यूझीलंडच्या सफरचंदाला ऑस्ट्रेलियाने १९२१ पासून २०११ पर्यंत दार उघडलं नाही. ही रोगाची खरी भीती होती, की रोगाचं नाव पुढे करून आपल्या बागायतदारांना दिलेलं संरक्षण? आणि शेवटी हे सुटलं कसं?

फळांच्या निर्यातीत, त्यातही रोगकिडींच्या तपासणीच्या बाजूला माझी बरीच वर्षं गेली आहेत. आमच्या धंद्यात या प्रकरणाचा दाखला आजही दिला जातो. माझं मत आधीच सांगतो: भीती खरी होती, पण ती चुकीच्या वस्तूवर बसली होती. झाडाला घाबरायला हवं होतं, ते फळाला घाबरले.

आधी रोग समजून घ्या. फायर ब्लाइट हा जिवाणूमुळे होणारा करपा. जिवाणूचं नाव अर्विनिया अमायलोव्होरा. मूळचा उत्तर अमेरिकेतला, न्यूझीलंडमध्ये तो १९१९ साली सापडला आणि दोनच वर्षांत ऑस्ट्रेलियाने तिथल्या सफरचंदावर बंदी घातली. हा रोग बहरात शिरतो. हवा उबदार आणि दमट असली की जिवाणू फुलात वाढतो, मधमाशा आणि पावसाचे थेंब त्याला या फुलावरून त्या फुलावर नेतात. फुलं आधी पाणी शोषल्यासारखी ओली दिसतात, मग तपकिरी, मग काळी. कोवळा शेंडा आकड्यासारखा खाली वळतो. पानं जळाल्यासारखी होतात, पण गळत नाहीत, फांदीलाच लोंबत राहतात. सालीतून चिकट, मधाच्या रंगाचे थेंब पाझरतात. रोग खोडापर्यंत उतरला तर झाड गेलंच म्हणायचं. २००० साली अमेरिकेत मिशिगनच्या नैऋत्य भागात एकाच हंगामात या रोगाने लाखो झाडं नेली. यावर रामबाण औषध नाही. बहरात स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक फवारतात, रोगट फांद्या खाली चांगल्या अंतरावर कापून जाळतात, एवढंच.

ऑस्ट्रेलियात हा रोग नाही. सफरचंद पिकवणाऱ्या मोठ्या देशांत असे देश मोजकेच आहेत. म्हणजे तिथल्या बागायतदाराच्या पोटात गोळा येणं अगदी स्वाभाविक होतं. एक गोष्ट मात्र बातम्यांत कायम हरवली. भांडण सफरचंदाचं म्हणून गाजलं, पण सर्वांत जास्त धोका नाशपातीच्या बागांना होता. नाशपाती या रोगाला सफरचंदापेक्षा लवकर बळी पडते, आणि ऑस्ट्रेलियाची बहुतांश नाशपाती व्हिक्टोरिया राज्यातल्या गोलबर्न खोऱ्यात, शेपर्टनच्या आसपास, एकाच पट्ट्यात एकवटली आहे. तिथे रोग शिरला असता तर दोन-चार बागांवर भागलं नसतं. विरोधाचा आवाज त्या भागातून इतका का उठला, ते यावरून कळतं.

आता धंद्याची बाजू. शेजाऱ्याशी सफरचंदाचा व्यापार सोपा असेल असं बाहेरून वाटतं. वाहतूक कमी, भाषा एक, आवडीनिवडी सारख्या. प्रत्यक्षात घोडं अडतं हंगामावर. दोन्ही देश दक्षिण गोलार्धातले, दोन्हीकडे फळं साधारण फेब्रुवारी ते मे उतरतात. दूरच्या देशातलं फळ आपला हंगाम संपल्यावर येतं, त्यामुळे त्याचं फारसं कुणाला वाईट वाटत नाही. शेजाऱ्याचं फळ मात्र आपल्याच फळाबरोबर, त्याच आठवड्यात बाजारात उभं राहतं. त्यात आता नियंत्रित वातावरणाची कोल्ड स्टोरेजं आली. तापमान शून्याच्या आसपास आणि ऑक्सिजन दोन-तीन टक्क्यांपर्यंत खाली आणला की एप्रिलमध्ये तोडलेलं सफरचंद डिसेंबरातही कडक राहतं. म्हणजे स्वतःच्याच फळाने बारा महिने बाजार भरता येतो, आणि हंगामाबाहेरची जी फट शेजाऱ्याला मिळाली असती तीही बुजते. शिवाय न्यूझीलंड हा निर्यातीवर जगणारा उत्पादक. हॉक्स बे आणि नेल्सन इथल्या बागा पहिल्यापासून परदेशी गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून लावलेल्या, हेक्टरी उत्पादन जगात वरच्या क्रमांकाचं. ऑस्ट्रेलियाचा बागायतदार बहुतांशी घरच्या बाजारावर अवलंबून. त्यामुळे त्याला रोगाची भीती आणि भाव पडण्याची भीती अशा दोन्ही होत्या. पण आंतरराष्ट्रीय नियमांत बोलायला जागा फक्त पहिलीला आहे, म्हणून दुसरी भीतीही पहिलीच्या तोंडून बोलायची.

गंमत म्हणजे फळांच्या जाती केव्हाच समुद्र ओलांडून गेल्या होत्या. गाला ही न्यूझीलंडमध्ये तयार झालेली जात ऑस्ट्रेलियात बागाच्या बागा भरून लावलेली आहे, आणि ऑस्ट्रेलियाची ग्रॅनी स्मिथ जगभर पोचली आहे. कलमं रीतसर क्वारंटाईनमधून गेली. फळ मात्र जाईना.

न्यूझीलंडने १९८६, १९८९ आणि १९९५ साली परवानगी मागितली, तिन्ही वेळा नकार आला. मधेच १९९७ मध्ये खळबळ उडाली. मेलबर्नच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये कोटोनिॲस्टरच्या झुडपांवर फायर ब्लाइट सापडला, आणि तो दाखवून दिला एका न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञाने! किती आरोप-प्रत्यारोप झाले असतील याची कल्पना करा. झुडपं उपटली गेली, देशभर पाहणी झाली, रोग इतरत्र आढळला नाही, आणि ऑस्ट्रेलिया पुन्हा रोगमुक्त ठरला. तपासणीवाल्याच्या नजरेने पाहिलं तर यात लक्षात ठेवण्याजोगं एवढंच, की रोग सापडला तो शोभेच्या झाडांवर आणि फळांची आयात पूर्ण बंद असताना.

जानेवारी १९९९ मध्ये न्यूझीलंडने पुन्हा अर्ज केला. मग ऑस्ट्रेलियाने आयातीच्या धोक्याचं रीतसर विश्लेषण हाती घेतलं आणि त्याचं गुऱ्हाळ जवळजवळ आठ वर्षं चाललं. मसुदा, हरकती, पुन्हा मसुदा असं होत अंतिम अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्याप्रमाणे मार्च २००७ मध्ये बंदी कागदावर उठली, पण अटी अशा होत्या की नाकापेक्षा मोती जड. फुलोऱ्यानंतर चार ते सात आठवड्यांच्या आत प्रत्येक बाग तपासायची, तीही इतक्या बारकाईने की एक टक्का झाडांवर जरी रोगाची लक्षणं असली तरी ती ९५ टक्के खात्रीने सापडावीत. तपासणीआधी छाटणी करून लक्षणं झाकायची नाहीत. एका झाडावर रोग दिसला की त्या बागेचा माल त्या हंगामापुरता बाद. पॅकहाउसमध्ये, म्हणजे फळं निवडून पेट्यांत भरतात त्या शेडमध्ये, फळांना निर्जंतुकीकरण. आणि या सगळ्यात ऑस्ट्रेलियाचे अधिकारी न्यूझीलंडमध्ये येऊन सहभागी होणार, त्यांचा खर्च निर्यातदाराच्या माथी. हिशोब घालून बसलं की कुठलाही निर्यातदार म्हणेल, त्यापेक्षा माल युरोपला पाठवलेला बरा. परवानगी होती, पण व्यापार झाला नाही.

आता खरी मेख. आमच्या कामात 'त्या देशात रोग आहे का' हा फक्त पहिला प्रश्न असतो. खरा प्रश्न, रोगाची वाट शेवटपर्यंत पूर्ण होते का? सफरचंदाच्या बाबतीत ती वाट अशी. रोगट बागेतल्या, पण वरून निरोगी, पक्व दिसणाऱ्या फळावर जिवाणू असला पाहिजे. तो बहुधा बुडाशी, जिथे फुलाचे वाळके अवशेष राहतात तिथे, अगदी थोड्या संख्येने असतो. तो पॅकहाउसमधलं धुणं, कोल्ड स्टोरेजमधले आठवडे आणि प्रवास यांतून जिवंत राहिला पाहिजे. मग कुणीतरी ते फळ खाऊन त्याचा गाभा सफरचंद-नाशपातीच्या झाडाजवळ, ऐन फुलोऱ्याच्या दिवसांत फेकला पाहिजे. त्या सडत्या गाभ्यावर जिवाणू तग धरून वाढला पाहिजे. शेवटी एखादी माशी किंवा पावसाचा शिंतोडा यांनी त्याला पुरेशा संख्येने उमललेल्या फुलात नेलं पाहिजे, आणि त्या दिवशी हवाही रोगाला पोषक हवी. यातली एक कडी तुटली तरी वाट संपते. शेवटच्या दोन कड्यांचा तर कुणाकडेच पुरावा नव्हता. पक्व, लक्षणरहित फळातून हा रोग नव्या प्रदेशात पोचल्याचं एकही नोंदलेलं उदाहरण नाही. रोगट रोपं आणि कलमांमधून तो पसरतो, हे मात्र पक्कं माहीत आहे.

हाच मुद्दा ऑस्ट्रेलियाच्या आधी जपानला नडला होता. अमेरिकेच्या सफरचंदांवर जपानने बागेभोवती ५०० मीटरचा मोकळा पट्टा आणि वर्षातून तीनदा तपासणी अशा अटी घातल्या होत्या. २००३ साली जागतिक व्यापार संघटनेने त्या पुरेशा शास्त्रीय पुराव्याविना घातलेल्या ठरवल्या. तो निकाल वाचून ऑस्ट्रेलियाने सावध व्हायला हवं होतं. ते सावध झाले, पण वेगळ्या अर्थाने: पुरावा कमी असेल तिथे त्यांनी आकडे उभे केले.

ते आकडे जवळून पाहण्यासारखे आहेत. विश्लेषणात वर्षाला ५ कोटी ते ४० कोटी, बहुधा १५ कोटी सफरचंदं येतील असं धरलं होतं. प्रत्येक टप्प्यावर घटना घडण्याची शक्यता ठरावीक कप्प्यांत टाकायची होती. सर्वांत खालचा कप्पा 'नगण्य'. त्याची किंमत शून्य ते दहा लाखांत एक, आणि या दोन टोकांमधली प्रत्येक किंमत सारखीच संभवनीय. म्हणजे सरासरी निघाली वीस लाखांत एक. ऐकायला फारच थोडी वाटते, नाही? आता तिला १५ कोटींनी गुणा. वर्षाला ७५ वेळा! जी घटना जगात कुठे घडल्याची नोंद नाही, ती गणितात वर्षाला पंच्याहत्तरदा घडू लागली. तज्ज्ञांनी हात आखडून 'नगण्य' लिहिलं तरी मोठ्या संख्येने गुणलं की धोका फुगणारच, अशी ती रचना होती. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. अशी विश्लेषणं करणारे लोक बहुतेक प्रामाणिक असतात. पण 'होणारच नाही' असं लिहायला कप्पाच ठेवला नसेल, तर प्रामाणिक माणसाच्या हातूनही हेच उत्तर निघतं.

फायर ब्लाइटखेरीज आणखी दोन रोगकिडी वादात होत्या. एक युरोपियन कँकर, फांद्यांना जखमा करणारी बुरशी. तिच्याबद्दल एवढंच सांगतो की ती टास्मानियात स्प्रेटन इथे १९५४ मध्ये सापडली होती, मोजक्या बागांपलीकडे गेली नाही, आणि १९९१ पर्यंत तिचं उच्चाटन झालं. दुसरी मात्र रोजच्या कामातली, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. पानं गुंडाळणारी मिज, डासाहूनही बारीक माशी. ती अंडी घालते कोवळ्या पानांच्या कडेला. अळ्यांमुळे पान आत गुंडाळलं जातं. अळी मोठी झाली की जमिनीत जाऊन कोष करते, पण काही अळ्या वाटेत फळावर अडकतात आणि देठाच्या खळग्यात किंवा बुडाशी पांढुरका कोष विणतात. तपासणीला बसलं की हेच शोधायचं असतं. फळ हातात घेतलं, देठाकडून प्रकाशात तिरकं धरलं, भिंगाने खळगा पाहिला, उलटं केलं, बूड पाहिलं, पुढचं फळ. कोष तांदळाच्या कणीहून लहान. आणि कोष सापडला म्हणजे आत जिवंत अळी असेलच असं नाही. पुष्कळ कोष रिकामे असतात, किंवा आत परजीवी गांधीलमाशीने आधीच काम उरकलेलं असतं. जिवंत निघाली तरी प्रौढ माशी जेमतेम काही दिवस जगते. तेवढ्यात तिला जोडीदार आणि कोवळी पालवी, दोन्ही सापडायला हवं.

ऑस्ट्रेलियाने या किडीसाठी दर लॉटमधून ३००० फळं तपासा, किंवा ६०० तपासा आणि शिवाय सर्व मालावर उपचार करा, असा पर्याय दिला. ६०० हा आकडा आमच्यात सर्वमान्य आहे: मालात अर्धा टक्का फळं किडकी असतील, तर ६०० तपासल्यावर त्यातलं एखादं तरी हाती लागण्याची खात्री ९५ टक्के. ३००० तपासली तर हीच खात्री दर हजारी एका फळापर्यंत खाली जाते. आकडा म्हणून ठीक, पण पॅकहाउसच्या रांगेत प्रत्येक लॉटमागे पाचपट वेळ आणि पाचपट माणसं. हे कुठल्या धोक्याच्या प्रमाणात, असा न्यूझीलंडचा सवाल होता.

दोघांमधल्या व्यापार करारात बंधनकारक निवाड्याची सोय नव्हती. त्यामुळे ऑगस्ट २००७ मध्ये न्यूझीलंडने जिनिव्हाची पायरी चढली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला जागतिक व्यापार संघटनेत खेचणं ही साधी गोष्ट नव्हती, पण दुसरा मार्गही उरला नव्हता. पॅनेलने सात बाहेरच्या तज्ज्ञांची मतं घेतली आणि ९ ऑगस्ट २०१० रोजी आलेल्या अहवालात ऑस्ट्रेलियाच्या अटी शास्त्रीय पुराव्यावर आधारलेल्या नाहीत असं म्हटलं. ऑस्ट्रेलियाचा बचाव असा होता की पुरावा अपुरा असला की तज्ज्ञांच्या अंदाजावर विसंबावंच लागतं. २९ नोव्हेंबर २०१० च्या अपिलाच्या निकालाने यावर मला महत्त्वाचं वाटतं ते उत्तर दिलं: अंदाज जरूर घ्या, पण तो कसा काढला ते कागदावर दिसलं पाहिजे. नुसतं 'तज्ज्ञांचं मत' पुरत नाही. अपिलात ऑस्ट्रेलियाला एका कलमापुरता दिलासा मिळाला. कमी जाचक पर्याय उपलब्ध होता हा पॅनेलचा एक निष्कर्ष अपील मंडळाने फिरवला. मूळ निकाल मात्र कायम राहिला.

ऑगस्ट २०११ मध्ये दार उघडलं. नव्या अटी आजही साधारण त्याच आहेत: बागेची नेहमीची व्यापारी निगा, पक्व आणि पानाकाडीचा तुकडाही नसलेलं फळ, ६०० फळांची तपासणी आणि सोबत फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे रोगकिडींबाबतचा सरकारी दाखला. पानाच्या तुकड्याला क्षुल्लक समजू नका. नवीन निर्यातदाराचा माल किडीपेक्षा पेटीत राहिलेल्या एखाद्या पानामुळे अडण्याची शक्यता जास्त असते.

म्हणून विचारलेल्या प्रश्नाचं 'हे की ते' असं उत्तर देता येत नाही. बागायतदाराची भीती खरी होती. १९२१ ची बंदी तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे योग्यच म्हणावी लागेल. १९९९ नंतरचा काळ मात्र मी वेळकाढूपणातच मोडेन. पुरावा समोर होता, आणि विश्लेषणाची रचना त्याला जागा देत नव्हती. न्यूझीलंडही काही धुतल्या तांदळासारखा नाही. ऑस्ट्रेलियाच्या मधाला त्यांनी मधमाश्यांच्या रोगांचं कारण देऊन वर्षानुवर्षं असंच बाहेर ठेवलं आहे. रोगमुक्त बेटावर राहणाऱ्या प्रत्येक देशाची ही प्रवृत्ती असते, आणि ती पूर्ण गैर आहे असं मला वाटत नाही.

राहिला प्रश्न बाजाराचा. बंदी उठल्यावर न्यूझीलंडच्या सफरचंदांचा पूर येईल म्हणून मोर्चे निघाले होते. पूर आला नाही. आयात तुटपुंजीच राहिली. तिथल्या किराणा बाजाराचा मोठा हिस्सा कोल्स आणि वूलवर्थ्स या दोन साखळ्यांकडे आहे आणि त्यांनी देशी सफरचंदच पुढे ठेवलं. गिऱ्हाइकालाही घरचंच हवं होतं. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याने तर स्कॅब या दुसऱ्या बुरशीचं कारण देऊन आपलं दार वेगळं बंद ठेवलं. तिथे तो रोग तेव्हा नव्हता, पूर्वेकडच्या राज्यांत होता, त्यामुळे हा अडसर देशातल्या देशातही लागू होता. आणि खुद्द न्यूझीलंडच्या निर्यातदाराचंही लक्ष एव्हाना दुसरीकडे वळलं होतं. जॅझ, एन्व्ही यांसारख्या नव्या जातींना आशियातल्या बाजारात चांगला भाव मिळतो, कारण न्यूझीलंडच्या हंगामाच्या महिन्यांत उत्तर गोलार्धात ताजं सफरचंद झाडावर नसतं.